आंग्र्यांचा धडा

प्रिय मित्रा,

मराठी आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांचा धडा घेशील तेव्हा फळ्यावर आधी एकच शब्द लिही: 'चाचा', म्हणजे समुद्री लुटारू. इंग्रजांनी कान्होजींवर आणि पुढे तुळाजींवरही हाच शिक्का मारला, कारण आंग्रे समुद्रात दस्तक, म्हणजे परवाना, मागत आणि नसेल तर जहाज धरत. शेजारी लिही 'कर्ताझ'. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून याच किनाऱ्यावर असाच परवाना घ्यायला लावत, नाहीतर जहाज जप्त. त्यांना मात्र 'सागरी सत्ता' म्हणायची आपल्याला सवय.

खाली चार रकाने आख: परवाना कोण मागतं, कशाच्या जोरावर, नाही म्हटलं तर काय, आणि त्याला नाव कुणी दिलं. ३५ मिनिटांच्या तासाला चार-पाच ओळींचे दोनच उतारे पुरेत. जास्त दिलेस तर वाचण्यातच घंटा होते आणि महत्त्वाचा चौथा रकाना कोरा राहतो.

घसरायची जागा पुढे आहे. मुलं म्हणतात, "म्हणजे इंग्रज खोटे, आंग्रे खरे!" तिथे थांबू नकोस. ज्या व्यापाऱ्याचं तारू धरलं, त्याने कान्होजींना काय म्हटलं असेल, ते विचार. मग १७५६ काढ. फेब्रुवारीत तुळाजींच्या विजयदुर्गावर समुद्राकडून इंग्रज अॅडमिरल वॉटसनचं आरमार आलं आणि जमिनीकडून पेशव्यांची फौज. आंग्र्यांची जहाजं बंदरातच जळाली. इंग्रजांनी किल्ला घेतला, लूट आपसांत वाटली आणि ऑक्टोबरच्या तहात बाणकोट पक्कं करून घेतल्यावरच विजयदुर्ग पेशव्यांना द्यायला कबूल झाले. 'आपण विरुद्ध परके' या साच्यात हे बसत नाही, म्हणून घाईने उरकलं जातं. माझ्या मते धड्याचा गाभा तोच.

आरमार म्हटलं की फक्त सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, आठवतात. वल्ही कुणी मारली, तेही येऊ दे. पण गाबीत कोण, भंडारी कोण, अशी जात विचारून हात वर करायला मुळीच लावू नकोस. पोरं वर्गातच आक्रसतात. घरी होडीचे कुठले शब्द बोलतात, एवढंच विचार: नाळ, शीड, डोलकाठी, तांडेल. त्यांच्यापुढे इंग्रजी कागदांतले 'ग्रॅब' आणि 'गॅलिव्हॅट' ठेव. गुराब आणि गलबत त्यांचं त्यांना जुळवू दे. त्याच कागदांतलं 'घेरिया' म्हणजे विजयदुर्ग, शेजारच्या गिर्ये गावावरून, हेही तू आधी सांगू नकोस.

परीक्षेला 'टीपा लिहा' नको. न वाचलेला छोटा उतारा दे. लिहिणाऱ्याची बाजू उघडी पाडणारा शब्द अधोरेखित करायचा आणि दोन वाक्यांत कारण द्यायचं. शब्दाला एक गुण, कारणाला तीन.

तुझा,
मित्र