भरल्या पानावरून उठवू नये : कॅनडाच्या इमिग्रेशन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री,
इमिग्रेशन, निर्वासित व नागरिकत्व विभाग, ओटावा.

सविनय नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत ते मुद्दाम लिहीत आहे, कारण आपल्या विभागाच्या निर्णयांचे परिणाम जळगाव, नाशिक, सांगलीकडच्या ज्या घरांमध्ये भोगले जातात, तेथे हा विषय बहुतेक वेळा एजंटाच्या तोंडूनच ऐकला जातो.

मी २००६ साली गुणांच्या पद्धतीनेच (शिक्षण, भाषा, अनुभव यांना गुण देऊन होणाऱ्या निवडीतून) येथे आलो आणि आज मिसिसागात राहणारा, कर भरणारा कॅनेडियन नागरिक आहे. येणाऱ्यांची संख्या कमी करण्याच्या धोरणाला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तक्रार आहे ती येथे आधीच आलेल्यांसाठीचे नियम मध्येच बदलण्याविषयी. २०२४ साठी ४ लाख ८५ हजार आणि पुढील दोन वर्षांसाठी प्रत्येकी ५ लाख कायम रहिवासी घेण्याचे ठरले होते, ते आता २०२६ पासून वर्षाला ३ लाख ८० हजारांवर आणले आहे. भाड्याची घरे आणि फॅमिली डॉक्टर यांचा येथील तुटवडा पाहता हा आकडा मला अवाजवी वाटत नाही.

परंतु गोंधळ या आकड्यामुळे झालेलाच नव्हता. २०२३ मध्ये सुमारे ४ लाख ७१ हजार लोकांना पीआर (कायम रहिवासाचा दर्जा) मिळाले, आणि त्याच वर्षी देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांहून अधिक वाढली. मधला फरक मुख्यतः विद्यार्थ्यांचा आणि तात्पुरत्या कामगारांचा होता, आणि संसदेपुढे दरवर्षी मांडल्या जाणाऱ्या आराखड्यात त्यांची मोजदादच नव्हती. तात्पुरत्या लोकांचे लक्ष्य त्यात पहिल्यांदा आले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. दरम्यान ऑन्टारिओ प्रांताने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्क्यांनी कमी करून ती गोठवली आणि कॉलेजांनी आपली खोट परदेशी विद्यार्थ्यांच्या फीमधून भरून काढली. ऑन्टारिओच्या महालेखापरीक्षकांनी २०२१ मध्येच दाखवून दिले होते की, सरकारी कॉलेजांत परदेशी विद्यार्थी ३० टक्के असले तरी फीच्या उत्पन्नात त्यांचा वाटा ६८ टक्के होता. म्हणजे प्रांताने हात आखडता घेतला, कॉलेजांनी जागा वाढवल्या, केंद्राने परमिटे दिली आणि घरभाडे वाढले तेव्हा बोट मात्र त्या मुलांकडे दाखवले गेले. याचे मला फार वाईट वाटते.

आमच्या बेसमेंटमध्ये रावेर तालुक्यातला एक मुलगा राहतो. वडिलांची केळीची बाग आहे, तिच्यावर कर्ज काढून तो सप्टेंबर २०२१ मध्ये येथे आला. दोन वर्षांचा डिप्लोमा, मग तीन वर्षांचे वर्क परमिट, आणि एका गोदामात यंत्रदुरुस्तीचे काम. पहाटे साडेचारला तो डबा भरतो तेव्हा जिन्यावरचा दिवा लावत नाही. आमची झोप मोडू नये म्हणून मोबाइलच्या उजेडात बूट घालतो. त्याच्या मालकाने रीतसर एलएमआयए (परदेशी कामगार घेण्यासाठी मालकाला लागणारी सरकारी मंजुरी) काढून त्याला नोकरीचे पत्र दिले होते आणि त्यामुळे पीआरच्या निवडीतले त्याचे गुण ५२६ झाले होते. २५ मार्च २०२५ रोजी नोकरीच्या पत्राचे गुण रद्द झाले आणि तो ४७६ वर आला. त्या वर्षी कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासच्या (कॅनडात काम केलेल्यांच्या गटाच्या) एकाही ड्रॉचा, म्हणजे पीआरच्या अर्जासाठी आमंत्रणे देणाऱ्या फेरीचा, कटऑफ ५०० च्या खाली आला नाही.

एलएमआयएचा बाजार मांडला गेला होता, हे मी नाकारत नाही. हजारो डॉलर्स घेऊन कागद विकणारे लोक आमच्याच समाजांतही आहेत आणि ते बंद व्हायलाच हवे होते. पण विकणाऱ्यांना शोधून काढण्याऐवजी सगळ्यांचेच गुण काढून घेतले, तेव्हा प्रामाणिकपणे मिळवलेले पत्र आणि विकत घेतलेले पत्र एकाच मोलाचे ठरले.

आमच्याकडे जेवायला बसलेल्या माणसाला भरल्या पानावरून उठवू नये, असा रिवाज आहे. पंगत किती जणांची, हे यजमानाने ठरवावे. दाराशी आलेल्याला ‘आज जमणार नाही’ असे सांगावे लागले, तरी त्यात अपमान नाही. बोलावून, बसवून, वाढून झाल्यावर उठवणे मात्र वेगळे, आणि गेल्या दोन वर्षांत आपल्या विभागाने नेमके तेच अनेकदा केले आहे.

हे टाळता येते, याचा दाखला आपल्याच नियमांत आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून शिक्षणानंतरच्या वर्क परमिटला अभ्यासशाखेची अट लागू झाली, तेव्हा त्या तारखेपूर्वी स्टडी परमिटसाठी अर्ज केलेल्यांना त्या अटीतून वगळण्यात आले. नवा नियम नव्यांसाठी आणि जुन्यांना जुना, एवढे साधे तत्त्व तेथे पाळता आले. गुणांच्या बाबतीत ते का पाळले गेले नाही, याचे उत्तर मला कोठेही सापडलेले नाही. आमंत्रण आधीच मिळालेले सुटले. वर्षानुवर्षे येथे काम करून रांगेत उभे असलेले अडकले.

म्हणून विनंती अशी की, यापुढे गुणांचा किंवा परमिटचा कोणताही नियम बदलताना, त्या दिवशी येथे कायदेशीरपणे शिकत अथवा काम करत असलेल्यांना किमान दोन वर्षांची मुदत मिळावी. २०२६ साठी फक्त १ लाख ५५ हजार नवे विद्यार्थी घेण्याचे आपण ठरवले आहे. ते आणखी कमी करावे लागले तरी चालेल, पण येणाऱ्याला निघण्यापूर्वीच खरे चित्र कळावे, कारण त्याला २० हजार डॉलर्सहून अधिक शिल्लक दाखवण्यासाठी गावाकडे जमीन गहाण पडते. आणि कामावर असलेल्या ३३ हजार तात्पुरत्या लोकांना दोन वर्षांत पीआर देण्याची घोषणा आपल्या सरकारने केली आहे. त्यात कोण बसते आणि कोण नाही, हे कन्सल्टंटकडे न जाता वाचून समजेल अशा भाषेत जाहीर व्हावे.

रावेरच्या मुलाचे परमिट येत्या सप्टेंबरात संपते. त्याच्यासारखा यंत्रदुरुस्ती करणारा कामगार त्या ३३ हजारांत बसतो की नाही, एवढ्या एका प्रश्नाचे लेखी उत्तर उन्हाळ्यापूर्वी मिळावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
मिसिसागा येथील एक मराठी नागरिक