महोत्सवाला दोघे जाणार असाल तर

संपादक महोदय,

उघड्या मैदानावर तीन-चार दिवस चालणाऱ्या संगीत महोत्सवांविषयी वर्तमानपत्रांत बरेच छापून येते. कलाकारांची यादी असते, वेळापत्रक असते, कपडे कोणते घालावेत हेही असते. पण अशा ठिकाणी बहुतेक जण एकटे जात नाहीत, कोणा मित्राबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर जातात, आणि त्या सोबतीचा उपयोग कसा करून घ्यायचा याबद्दल एक ओळही नसते. सोबत आहे म्हणून निर्धास्त राहायचे आणि पहिल्याच संध्याकाळी एकमेकांना शोधत फिरायचे, असे सर्रास घडते. सोबत कामाला येते ती घरून निघण्याआधी काही गोष्टी ठरवल्या असतील तरच. त्या कोणत्या, हे सांगण्यासाठी हे लांबलेले पत्र.

चुकामूक होणार हे गृहीतच धरावे. इंग्लंडमधील ग्लास्टनबरीच्या महोत्सवात सुमारे दोन लाख माणसे एका शेतावर जमतात, पण त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी गर्दी झाली तरी मोबाइलचे जाळे अपुरे पडते. फोनवर सिग्नल पूर्ण दिसतो आणि तरी कॉल लागत नाही, कारण सिग्नल पोहोचणे वेगळे आणि टॉवरवर आपल्यासाठी जागा शिल्लक असणे वेगळे. साध्या एसएमएसला फार थोडी जागा लागते, त्यामुळे तो बहुधा जातो, मात्र कधीकधी फार उशिराने. ‘डाव्या पडद्याखाली उभा आहे’ हा निरोप उशिरा मिळाला, की समोरचा धावत तिकडे जातो आणि तोवर पहिला तिथून निघून गेलेला असतो. म्हणून प्रत्येक निरोपाची सुरुवात वेळेने करावी: ‘६:४०, डावा पडदा, ७ पर्यंत थांबतो.’ या एका सवयीने बरीच धावपळ वाचते.

भेटण्याच्या जागेसाठी झेंडा, ठेला किंवा एखाद्याच्या तंबूचा रंग ही खूण धरू नये. झेंडा हलतो, ठेल्याचे दिवे रात्री मालवतात आणि अंधारात सगळे तंबू सारखेच दिसतात. मंचाचे प्रवेशद्वार तर नकोच. कार्यक्रम सुटला की सगळा लोंढा तिथूनच बाहेर पडतो. मैदानाच्या कडेची, जागची न हलणारी वस्तू निवडावी: पाण्याची टाकी, चौकशी कक्षाचा कोपरा, क्रमांक घातलेला दिव्याचा खांब. ती दोघांनी मिळून एकदा उजेडात आणि एकदा अंधारात पाहून यावी. ‘टाकीपाशी’ एवढेही पुरत नाही, टाकीच्या कोणत्या बाजूला ते ठरवावे. मोठ्या टाकीच्या दोन अंगांना दोन माणसे अर्धा तास एकमेकांची वाट पाहत उभी राहू शकतात.

वेळेचा नियम साधा ठेवावा. चुकामूक झाली की पुढच्या तासाच्या ठोक्याला ठरल्या जागी जायचे आणि १० मिनिटे थांबायचे. ते हुकले तर त्यापुढच्या तासाला. दोन्ही हुकले तर तंबूत. तंबूतही ठरलेल्या वेळेपर्यंत दुसरा आला नाही, तर चौकशी कक्षात किंवा सुरक्षारक्षकांना सांगायचे, आणि यात संकोच अजिबात करू नये. शोधायची वेळ आलीच तर दोघांपैकी एकाने थांबायचे व दुसऱ्याने शोधायचे, आणि कोणी काय करायचे तेही आधीच बोलून ठेवावे. दोघेही शोधू लागले, की एकजण जी जागा सोडतो तिथे दुसरा येऊन पोहोचतो.

फोन तिथे घरच्यापेक्षा लवकर उतरतो. जाळ्याशी जोडून राहण्याची त्याची खटपट सतत चाललेली असते. नको तेव्हा तो विमान मोडवर टाकावा. १०,००० मिलीअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेवर ५,००० चा फोन दोनदा भरेल असा हिशेब अनेक जण करतात, पण व्होल्टेज बदलताना बरीच ऊर्जा वाया जाते आणि प्रत्यक्षात जेमतेम सव्वा वेळ भरतो. दोघांत २०,००० ची एक बँक नेण्यापेक्षा १०,००० च्या दोन बऱ्या. एक भिजली किंवा हरवली तर दुसरी उरते. सोबत्याचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावा. तो पाठ असणारी माणसे आता फार थोडी राहिली आहेत.

काय ऐकायचे यावरून मैत्रीत कुरबुर होऊ नये म्हणून एवढेच: दोघांनी आपापली यादी वेगळी करावी, समान नावे एकत्र ऐकावीत आणि उरलेल्यांसाठी बिनदिक्कत वेगळे व्हावे. एका मंचावरून दुसऱ्या मंचाकडे जायला नकाशावर १० मिनिटे दिसत असतील, तर रात्री २० धरावीत.

आता गर्दी. इथे कृपया वाचकांनी थांबून वाचावे. डेन्मार्कमधील रॉस्किल्ड महोत्सवात ३० जून २००० रोजी मंचासमोरच्या गर्दीत ९ जण मरण पावले. ह्यूस्टनमधील ॲस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात ५ नोव्हेंबर २०२१ च्या गर्दीने १० जणांचा जीव घेतला. अशा मृत्यूंना ‘चेंगराचेंगरी’ म्हटले की डोळ्यांपुढे पळणारी, एकमेकांना तुडवणारी माणसे येतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा माणसे छाती दाबली गेल्याने गुदमरतात, कित्येकदा उभ्याउभ्याच. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे असतील तर अंग हलवता येते. पाचच्या पुढे काळजी सुरू होते. सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी वागू लागते, एका टोकाचा धक्का लाट होऊन दुसऱ्या टोकाला पोहोचतो, आणि धक्का कोणी मुद्दाम दिलेला नसतो. पुढचा पडला आहे हे मागच्याला दिसत नाही, म्हणून मागून रेटा येतच राहतो.

माणसे मोजत बसणे शक्य नसते, तेव्हा खुणा ओळखाव्यात. हात चेहऱ्यापर्यंत नेता येत नाहीत. दोनपेक्षा जास्त बाजूंनी अंगे टेकली आहेत. पाऊल आपण टाकत नाही, ते टाकले जाते. यातली पहिली खूण जाणवताच निघावे, तिसरी जाणवेपर्यंत निघणे हातात राहत नाही. निघताना सरळ मागे वळून लाटेशी झुंजू नये. लाट येऊन ओसरली की मधल्या क्षणात तिरपे, कडेच्या दिशेने, दोन-तीन पावले सरकावे आणि पुन्हा थांबावे. हात मुष्टियोद्ध्यासारखे छातीपुढे घ्यावेत, म्हणजे फासळ्यांना फुगायला जागा राहते. ओरडण्यात श्वास घालवू नये. पडलेला फोन उचलायला कधीही वाकू नये. दोघांनी हातात हात गुंफून चालण्यापेक्षा एकामागे एक राहावे आणि मागच्याने पुढच्याचा खांदा धरावा. गुंफलेले हात लाटेत पिरगळतात आणि मध्ये तिसरा माणूस अडकतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक शब्द आधी ठरवून ठेवावा. तो एकाने उच्चारला की दुसऱ्याने कारण न विचारता निघायचे, आवडते गाणे चालू असले तरी. पुढच्या रांगेत वाद घालायला श्वासही नसतो आणि वेळही.

पुढे घुसण्याने ऐकणेही सुधारत नाही. मैदानाच्या मध्यावर ध्वनिसंयोजकाचा कट्टा असतो. तिथे बसलेला माणूस स्वतःच्या कानाने तोल साधत असतो, म्हणजे सगळ्यांत नीट जुळलेला आवाज त्याच्या आसपास मिळतो. मंचाच्या अगदी कडेला एकाच बाजूचे स्पीकर ऐकू येतात आणि गायकाचे शब्द हरवतात. खर्जाचे स्पीकर मंचाच्या दोन बाजूंना रचलेले असतील, तर त्यांचा जोर मधल्या रेषेत एकवटतो आणि थोडे बाजूला सरकले की ढोलाचा ठोका पोकळ वाटतो. त्या कट्ट्याच्या मागे गर्दीचा रेटाही कमी पोहोचतो. लांब उभे राहिल्यास वादकाची काठी आधी दिसते आणि ठोका मागून येतो, कारण आवाजाला १०० मीटर कापायला सुमारे ०.३ सेकंद लागतात. मैदानात मागे उभ्या केलेल्या खांबांवरचे स्पीकर मुद्दाम तेवढे उशिरा वाजवतात. दुपारी तापलेली जमीन आवाज वर वळवते, म्हणून मागच्यांना तो विरळ येतो. सूर्य मावळून जमीन निवली की तोच आवाज खाली झुकतो आणि दूरवर स्वच्छ पोहोचतो. रात्रीच्या पहिल्या प्रहरी मागे बसून ऐकण्यासारखे सुख नाही, आणि ते पुढे रेटणाऱ्यांना कधी कळत नाही याची खंत वाटते.

कानांचा हिशेब मात्र कठोर आहे. ८५ डेसिबल ८ तास चालते. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला १ तास आणि १०० ला अवघी १५ मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असा मापदंड दिला, आणि शांत कोपरा व कानांचे बोळे उपलब्ध ठेवण्यास सांगितले. तीन दिवसांत अडचण अशी होते, की रात्रीच्या थकव्यातून कान सावरण्याआधीच दुसऱ्या दिवशीचा मारा सुरू होतो. कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. फोमचे बोळे नुसते कानात कोंबले तर उपयोग नाही. बोळा बोटांत फिरवून बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर व मागे ओढावी, बोळा आत सारावा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरावा. समोरून बघताना तो बाहेर डोकावत असेल तर बसलेला नाही. हे स्वतःला दिसत नाही, सोबत्याने पाहावे. फोम वरच्या पट्टीचे स्वर जास्त गिळतो. ज्यांना सूर जसाचा तसा हवा त्यांनी गाळणीचे (फिल्टर बसवलेले) बोळे घ्यावेत.

तंबू दोघांचा म्हणून विकला जातो तो दोन गाद्यांपुरताच असतो, सामान बाहेर राहते. तिघांचा घ्यावा आणि घरी एकदा उभा करून खुंट्या मोजाव्यात. मैदानात खोलगट जागा टाळावी, पाऊस तिथेच जमतो. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला दार ठेवू नये. खुंटीचे डोके तंबूपासून दूर झुकलेले असावे, म्हणजे ताणल्यावर ती उपटत नाही. जमिनीवर अंथरलेली ताडपत्री तंबूबाहेर चार बोटे डोकावली, तर छतावरून ओघळलेले पाणी तीच झेलते आणि तुमच्या पाठीखाली नेते. कडा आत दुमडाव्यात. सकाळी आतून ओला झालेला तंबू गळका असतोच असे नाही. दोघांच्या श्वासाची वाफ रात्रभर थंड कापडावर साचते, म्हणून झरोके उघडे ठेवावेत. पेटलेली शेगडी किंवा निखारे तंबूत कधीही नेऊ नयेत. विझल्यासारख्या दिसणाऱ्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, आणि त्याला वास नसतो. मोज्यांचा एक कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी राखावा; दिवसच्या दिवस ओल्या मोज्यांत राहिलेल्या पायांची कातडी पांढरी पडून सोलवटते. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर भक्कम इमारत किंवा बंद गाडी गाठावी आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबावे. तंबू किंवा झाड म्हणजे आडोसा नव्हे.

घाम जाऊन फक्त पाणीच पीत राहिले तर रक्तातले सोडियम उतरते. मळमळ, डोकेदुखी, पुढे गोंधळ. जलसंजीवनीची पाकिटे न्यावीत. नसतील तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. उष्माघातात शरीर ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. आपण असंबद्ध बोलतो आहोत हे त्याला कळत नाही, ते सोबत्यालाच कळते, आणि अशा वेळी सोबत्याने त्याच्या ‘मी ठीक आहे’वर विश्वास ठेवू नये. वैद्यकीय कक्षाला कळवून त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतत वारा घालावा. शुद्ध हरपलेल्याला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. ‘झोपू दे, नशा उतरेल’ म्हणून तंबूत एकटे सोडून जाण्याने माणसे गेली आहेत. काय घेतले, किती घेतले हे डॉक्टरांना लपवू नये.

आयोजकांनी दिव्याच्या खांबांवर मोठे क्रमांक घालावेत, पिण्याचे पाणी फुकट द्यावे, आणि आपण महोत्सवाची बातमी छापाल तेव्हा सोबत नकाशाही छापावा, ही विनंती. त्यात मंचांबरोबर पाण्याचे नळ, वैद्यकीय कक्ष आणि ते क्रमांक दिसावेत. कापून खिशात ठेवता येईल एवढा असला तरी पुरे. फोन उतरल्यावर तोच उघडून पाहता येतो.

आपला नम्र,
एक वाचक