अस्तंबा पायांनीच चढू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धनत्रयोदशी जवळ आली की आमच्या तळोद्यात अस्तंब्याला, म्हणजे सातपुड्यातल्या अश्वत्थाम्याच्या डोंगरावर यात्रेला, निघालेल्या पोरांची गर्दी होते. आणि दर वर्षी कुणीतरी हमखास तोच सल्ला देतं. मागच्या खेपेला तो माझ्या पुण्याच्या भाच्याने दिला. फराळाची ताटली मांडीवर घेऊन म्हणाला, "मामा, केदारनाथसारखं इथेही हेलिकॉप्टर सुरू करायला पाहिजे. पाच मिनिटांत दर्शन! पर्यटन वाढेल." घरातल्या दोघातिघांनी लगेच माना डोलावल्या. विकासाचं नाव काढलं की आपल्याकडे माना फार लवकर डोलतात.

मी तीनदा पायी गेलो आहे. कोठार गाव मागे पडलं की अंधारात बॅटरीच्या उजेडात पुढच्याच्या टाचा बघत चालायचं. शेवटच्या चढावर तर माणसामागे माणूस, शेजारी पाय ठेवायला जागा नाही. शिखर १३०० मीटरहून उंच. वर दगडातला देव, झेंडे आणि अंग कापणारा वारा. अश्वत्थाम्याच्या कपाळावरची जखम अजून भरलेली नाही, तो तेल मागत या डोंगरांत फिरतो आणि वाट चुकलेल्याला वाटेवर आणून सोडतो, असं आमच्याकडे लहानपणापासून ऐकवतात. आता वाट चुकायला आधी वाटेने जावं तर लागेल ना! हेलिकॉप्टरवाल्याला तो कुठे भेटणार?

आणि हे यंत्र उतरतं कसं, ते मी जवळून पाहिलंय. एका निवडणुकीत आमच्या भागात नेत्याचं हेलिकॉप्टर आलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, शेजारच्या घरी खाटेवर बिबड्या वाळत घातलेल्या. धुळीचा असा लोट उठला की बिबड्या पार बांधापर्यंत गेल्या, गोठ्यातली गाय दावं तोडून पळाली. सभेपेक्षा हेलिकॉप्टर बघायलाच गर्दी जास्त होती, हे वेगळं सांगायला नको. ते एकदाच झालं. हेच दिवसातून दहा वेळा, तेही दिवाळीला, पाड्यावर ज्वारी-मका उभा असताना? कुडाची घरं, कड्यांवरची आग्या मोहोळं, चरायला गेलेल्या शेळ्या यांचा विचार कोण करणार?

एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागात हे लोकांनी भोगलंय. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाने १ जानेवारी २०२५ पासून तिथे पर्यटकांच्या हेलिकॉप्टरना बंदी केली, तातडीच्या बचावकार्याला तेवढी सूट. शेर्पा तरुणांनी तर उतरायच्या जागांवर झेंडे रोवून हेलिकॉप्टर अडवली. ज्या केदारनाथचा दाखला भाचा देतो, तिथे त्याच वर्षी १५ जूनला गौरीकुंडाजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले.

अस्तंब्याचा हा धडगाव-अक्कलकुवा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी क्षेत्र आहे. अशा भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा इथे लागू आहे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरात बॉक्साइटची खाण काढायची होती, तेव्हा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. उद्या कुणी अस्तंब्यासाठी किंवा तोरणमाळसाठी असला प्रस्ताव आणलाच, तर आधी पाड्यावरच्या भिल्ल-पावरा मंडळींना विचारा. देव त्यांच्या अंगणातला आहे. आम्ही तळोदेकर पाहुणेच.

म्हाताऱ्यांनी, अपंगांनी काय करायचं, हा प्रश्न खोटा नाही. माझेही गुडघे आता बोलायला लागलेत. पण माझी आई कधीच वर गेली नाही; धनत्रयोदशीला अंगणातून त्या दिशेला हात जोडायची, आणि तिला काही कमी पडलं असं मला तरी वाटलं नाही.

करायचंच तर चांदसैली घाटाचं करा. २०२५ च्या धनत्रयोदशीलाच अस्तंब्याहून परतणाऱ्यांची पिकअप तिथे दरीत कोसळून भाविकांचा जीव गेला. वळणांवर मजबूत कठडे, पिकअपमध्ये मेंढरांसारखी माणसं कोंबणाऱ्यांवर कारवाई, यात्रेच्या दिवसांत घाटाच्या दोन्ही टोकांना रुग्णवाहिका. अजूनही काही पाड्यांवरून बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून खाली आणावं लागतं. हेलिकॉप्टरसाठी पैसा असेल तर तो त्या बाईसाठी उडू द्या, त्याला माझी ना नाही.

भाच्याला सांगून ठेवलंय, पुढच्या धनत्रयोदशीला चांगले बूट घेऊन ये. "बघू" म्हणाला.

कळावे,
आपला एक वाचक,
तळोदा, जि. नंदुरबार