आई, गोळी मनाने बंद करू नकोस

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर आई चाचरत म्हणाली, "खोकला आला की कपड्यात लघवी होते गं, वय झालं आता." आई, सांगितलंस ते फार बरं केलंस. पण सगळं वयावर ढकलू नकोस. यामागे तुझी बीपीची गोळी असू शकते.

तू रामिप्रिल घेतेस. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या तिच्याच जातीच्या गोळ्या. त्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, कधी गोळी सुरू होऊन महिने उलटल्यावरही. प्रत्येक उबळीला पोटावर जोर येतो, मूत्राशय दाबलं जातं, आणि बाळंतपणं झालेल्या बाईचे खालचे स्नायू सैल असतील तर लघवी धरून ठेवता येत नाही. रात्री उशाशी खोकल्याचं औषध ठेवतेस, त्याचा बहुधा उपयोग नाही. डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. लोसार्टन, टेल्मिसार्टनने असा खोकला सहसा होत नाही. बदलल्यावरही तो जायला काही आठवडे लागू शकतात, तेवढा धीर धर.

दुसरी तुझी लघवी वाढवणारी गोळी. बाहेर जायचं असलं की ती गाळतेस, वर पाणीही पीत नाहीस, असं बाबा म्हणाले. मला याचीच जास्त काळजी वाटते. पाणी तोडलं की लघवी दाट होऊन मूत्राशय आणखी चुरचुरतं, शिवाय चक्कर येते ती वेगळीच. गोळी कोणत्या वेळी घेतली तर सोयीचं पडेल, हे डॉक्टरांनाच विचारू.

बाबा, तुमच्या पायांवर संध्याकाळी मोज्यांचे वळ उमटतात ना? तुमच्या अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने पायांना सूज येऊ शकते. रात्री आडवं झालं की ते पाणी रक्तात परततं आणि लघवीला उठावं लागतं. सगळा दोष प्रोस्टेटचा नसेलही. आणि तुमची प्राझोसिनची गोळी आईला कधीही देऊ नका. ती मूत्राशयाचं तोंड सैल करते. तुमची लघवीची धार त्यानेच सुधारते, पण आईचा त्रास वाढेल.

दोघांनी तीन दिवस लघवीच्या वेळा लिहून ठेवा, कधी कपडे ओले झाले तेही. शनिवारी मी येते, सगळ्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जाऊ. लघवीची आणि साखरेची तपासणीही करून घेऊ. आई, तुला संकोच वाटला तर मी बोलेन. तोवर एकही गोळी चुकवू नकोस, बीपी चढलं तर पक्षाघाताची भीती असते.

तुमची,
ताई