माझा भाऊ लग्नगडी झाला: कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाने परवा वीटभट्टीच्या शेठकडून ३०,००० रुपयांचा बयाणा उचलला. लग्नासाठी. १६ महिन्यांपूर्वी सरकारने माझ्या आईबापांना ज्या भट्टीवरच्या वेठबिगारीतून सोडवलं, त्याच भट्टीच्या शेठकडून. म्हणून हे पत्र.

आम्ही पालघर जिल्ह्यातले कातकरी. आईबापांनी घेतलेला १४,००० चा बयाणा सहा हंगाम राबूनही फिटला नाही. दिवाळी झाली की भट्टीवर जायचं, पावसाच्या तोंडावर परतायचं. रात्री दोनला उठून चिखल तुडवायचा, मग साचा मारत बसायचं. आठवड्याची खर्ची तांदूळ-मिठात संपायची. अवकाळी पावसात कच्च्या विटा विरघळल्या की नुकसान आमच्या नावावर. आश्रमशाळेत शिकून मी एकदा शेठची वही वाचली. बापाच्या औषधाची एकच रक्कम तीनदा मांडलेली होती. मी विचारलं, आणि मार बापाने खाल्ला.

सुटकेचा दाखला आमच्याकडे आहे, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. तातडीची मदत म्हणून ३०,००० रुपयांपर्यंत द्यायचे असतात. बापाचे आले. आईचे नाहीत, कारण तिचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. ओली माती आणि राख हाताळून बोटांवरच्या रेषाच गेल्या. कचेरीतल्या माणसाने तिचं बोट फडक्याने पुसलं, दाबलं, दुसरं घेतलं. दहाही बोटं झाली. "मावशी, हात खराब आहेत, पुढच्या महिन्यात या." घरी येईपर्यंत आई दोन्ही हात पदराखाली धरून चालत होती.

पुनर्वसनाचे पैसे वेगळे. पुरुषाला १ लाख, बाईला २ लाख, फारच वाईट प्रकार असेल तर ३ लाख. पण पूर्ण रक्कम हवी तर आधी मालकाचा गुन्हा सिद्ध व्हायला हवा, असं आम्हाला सांगितलं जातं. आमचा खटला अजून उभासुद्धा राहिलेला नाही. म्हणजे गुन्हा त्याने केला आणि वाट आम्ही बघायची. किती हंगाम, साहेब?

१९७६ च्या कायद्याने वेठबिगारीची सगळी कर्जं रद्द झाली. मग ही बयाण्याची वही आजही उघडी कशी? शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड. हा २,००० चा आकडा तेव्हापासून कुणी हलवलेला नाही. माझ्या भावाला १५ पट मोजून बांधून घेणारा शेठ त्याला घाबरेल? जिल्ह्यात दक्षता समिती असायला हवी, असं तोच कायदा सांगतो. आमच्या पाड्यावर त्या समितीचा एकही माणूस मी पाहिलेला नाही. २०१६ साली केंद्र सरकारने २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख वेठबिगार मुक्त करण्याचं उद्दिष्ट सांगितलं होतं. १९७८ पासून सोडवलेले सगळे मिळून तीन लाखांच्या आसपास आहेत. हा हिशेब तुम्हीच करून बघा.

डहाणू-तलासरीत एकेकाळी लग्नगडी असायचे. लग्नासाठी सावकाराचे पैसे घेतले की नवराबायको दोघं त्याचे जन्माचे गडी. त्याविरुद्ध १९४५ साली वारली उठले, तलवाड्याला गोळ्या झेलल्या. पुढे संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीवर बंदी आली. आणि तरी त्याच जिल्ह्यात आज माझा भाऊ लग्नगडी झाला. मी त्याच्यावर ओरडलो. तो एवढंच म्हणाला, "दाखल्यावर मांडव घालू का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे का?

लोक म्हणतात, आदिवासी पैसे उडवतो, म्हणून अडकतो. जमीन वनखात्याकडे किंवा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर, पावसाळा संपला की गावात काम नाही आणि ऐन गरजेला पैसे देणारा एकटा शेठ. अशा माणसाने काय उडवलं, ते मला कुणीतरी दाखवावं.

आईचे पैसे अंगठ्याशिवाय द्या. पुनर्वसनाची रक्कम खटल्यापासून सोडवा. आणि भट्ट्या पेटायच्या आधी तुमचे अधिकारी पाड्यांवर पाठवा, बयाणे तेव्हाच वाटले जातात.

भावाचं लग्न अजून व्हायचं आहे. दिवाळीनंतर पाड्यावर ट्रक येईल. भट्टीवर जोडी लागते, म्हणून शेठने त्याच्या होणाऱ्या बायकोचं नावही वहीत लिहून घेतलं आहे. ती १९ वर्षांची आहे.

आपला,
पालघर जिल्ह्यातील एक कातकरी तरुण