हवासाचा हिशेब पुन्हा मांडताना

संपादक महोदय,

अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचे वाढीव आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हापासून तयार कपड्यांच्या व्यवसायात इथिओपियाचे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले. तेथील मालावर त्या वेळी वाढीव शुल्क १० टक्केच होते आणि मजुरी तर आपल्यापेक्षा कितीतरी कमी, तेव्हा निर्यातीची काही शिलाई तिकडे हलवावी, असा हिशेब माझ्यासमोरही दोनदा मांडला गेला. २०१८ मध्ये एका कंपनीच्या वतीने इथिओपियातील हवासा येथील औद्योगिक वसाहत पाहून आलेल्या चौघांपैकी मी एक होतो. आमचा अहवाल अनुकूल होता. कंपनीने निर्णय लांबणीवर टाकला म्हणून आमची अब्रू राहिली. परंतु आमचे चुकले कुठे, हे त्या वाटेने निघालेल्यांना कळावे म्हणून हे लिहीत आहे.

अदिस अबाबापासून सुमारे पावणेतीनशे किलोमीटर दक्षिणेला, तळ्याकाठी वसलेल्या हवासात २०१६ मध्ये सुरू झालेली ती वसाहत पाहून कोणीही भारावून जावे. सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणारी यंत्रणा, एकाच छताखाली सरकारी परवानग्या, आणि खाजगी क्षेत्रासाठी कायद्याने ठरलेले किमान वेतनच नसल्यामुळे महिन्याला सव्वीस डॉलरच्या आसपास मूळ पगार. हा शेवटचा आकडा आम्ही ठळक अक्षरांत छापला होता.

पण कपडा पगारावर नव्हे, मिनिटांवर शिवला जातो. वीस मिनिटांच्या कामाचा शर्ट पन्नास टक्के कार्यक्षमतेच्या लाइनवर चाळीस मिनिटे खातो. आणि ऑपरेटरचा हात बसण्याआधीच ती नोकरी सोडून गेली, तर ती कार्यक्षमता वाढतच नाही. हवासात सुरुवातीच्या काळात वर्षभरात जवळजवळ सगळे कामगार बदलत, असे न्यूयॉर्क विद्यापीठाच्या २०१९ च्या अहवालात नमूद आहे. कारण शोधायला लांब जावे लागले नसते. आसपासच्या सिदामा प्रदेशातील खेड्यांतून आलेल्या चार मुली एका खोलीत राहत होत्या. कोपऱ्यात कोळशाची शेगडी, भिंतीला दोरीवर कपडे, आणि भाडे गेल्यावर घरी पाठवण्यासारखे फारसे काही उरत नव्हते. (त्यांतली एक म्हणाली की काम एक वाजता सुरू होते, आणि मी तसेच टिपून घेतले. तेथे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे तिचा एक हा आपला सकाळी सातचा, हे दुभाष्याने नंतर सांगितले.) ती खोली मी पाहिली होती, तरी अहवालात तिच्याविषयी एक ओळही लिहिली नाही.

दुसरी गोष्ट बंदराची. १९९३ मध्ये एरिट्रिया स्वतंत्र झाल्यापासून इथिओपियाला समुद्रकिनारा नाही. माल जिबूतीला न्यायचा, म्हणजे हवासापासून सुमारे हजार किलोमीटर. सोलापूरहून न्हावा शेवा चारशेच्या आत आहे. कापड, झिपा, बटणे बहुतांशी बाहेरूनच येणार, म्हणून हे अंतर येताना आणि जाताना असे दोनदा मोजावे लागते. परकीय चलनाची टंचाई तर इतकी जुनी होती की शेवटी जुलै २०२४ मध्ये बिर या तेथील चलनाचा दर बाजारावर सोडावा लागला आणि डॉलरला सुमारे ५७ बिर हा भाव काही आठवड्यांत शंभरावर गेला. याने निर्यातदाराची डॉलरमधली मजुरी आणखी उतरली खरी, पण खोलीत राहणाऱ्या त्या मुलींच्या बाजारहाटाचे काय झाले असेल, हे वेगळे सांगायला नको.

सर्वांत मोठी चूक मात्र शुल्काची होती. आम्ही सगळे गणित अमेरिकेच्या ‘अगोआ’ या २००० सालच्या कायद्यावर उभे केले होते. त्या सवलतीत कापड कुठल्याही देशातून आणले तरी तेथे शिवलेला कपडा अमेरिकेत शुल्काविना जात असे. नोव्हेंबर २०२० मध्ये इथिओपियाच्या उत्तरेकडील तिग्रे प्रांतात युद्ध पेटले. वर्षभराने अमेरिकेने सवलत काढून घेण्याचे जाहीर केले आणि १ जानेवारी २०२२ पासून ती गेली. दोन महिन्यांची मुदत. नोव्हेंबर २०२१ मध्येच वसाहतीतील आघाडीची अमेरिकन कंपनी पीव्हीएच हिने आपला तेथील कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. हवासापासून युद्धभूमी शेकडो किलोमीटर दूर होती. शेडमधली यंत्रे जागच्या जागी होती.

२०२५ च्या हिशेबात जे १० टक्के दाखवले गेले ते मूळ शुल्काच्या वर लागत होते, ही बाब बैठकांत हटकून राहून जाई. सुती टी-शर्टवर अमेरिकेचे मूळ शुल्क १६.५ टक्के आहे. ‘अगोआ’ नसताना दोन्ही मिळून साडेसव्वीस होत होते. शिवाय ते दहाही अमेरिकी अध्यक्षांच्या एका आदेशाने आलेले होते. असा फरक दोन हंगाम टिकेल असे धरून यंत्रे भाड्याने घेता येतील, काम बाहेर शिवायला देता येईल. दहा वर्षांचे कर्ज काढून शेड घेता येणार नाही. माझा आक्षेप इथिओपियाला नाही. तेथे पाय रोवून राहिलेले भारतीय उद्योग आहेत आणि त्यांनी कामगार टिकवायला काय केले, हे विचारण्याजोगे आहे.

पुढच्या पथकाने शेड जरूर पाहावेत. पण एक संध्याकाळ सुटीच्या वेळी फाटकाबाहेरही उभे राहावे, आणि खोलीचे भाडे आपल्या तक्त्यात मजुरीच्या शेजारच्या रकान्यात लिहावे.

आपला,
एक निवृत्त उत्पादन व्यवस्थापक, सोलापूर