पोटाचा रंग

पुणे,
अनंत चतुर्दशी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

बाहेर मिरवणुकीचे ढोल चालू आहेत, म्हणजे झोप येणार नाहीच. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर आत्ताच लिहून टाकतो. होडीच्या पोटाला, म्हणजे पाण्याखालच्या भागाला, रंग पांढरा की निळा, असं तू विचारलंस आणि वहिनींचं मत निळ्याला आहे. या वेळी वहिनींचं ऐक. मात्र कारणं त्यांच्याहून वेगळी आहेत.

अँटीफाउलिंग, म्हणजे पोटाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा विषारी रंग, घेताना आधी डब्यात विष कुठलं आहे ते वाचायचं. बहुतेक डब्यांत क्युप्रस ऑक्साइड असतं आणि ते मुळातच विटकरी तांबडं. त्यात काळं रंगद्रव्य घातलं की काळा होतो, निळं घातलं की जरा मळकट निळा. पांढरा मात्र काही केल्या होत नाही. पांढऱ्यासाठी कॉपर थायोसायनेटचा रंग घ्यावा लागतो. ते फिकट असतं, म्हणून उजळ छटा जमतात, पण सहसा त्यात तांबं कमी आणि पैसे जास्त. अपोलो बंदरासमोर मूरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या नांगराला बांधून, बारा-बारा दिवस न हलता पडून राहणाऱ्या होडीला तांबं कमी पडून चालणार नाही.

पांढऱ्याच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे. बार्नेकल म्हणजे होडीला घट्ट चिकटून वाढणारे कवचवाले जीव; त्यांची पिल्लं चिकटायला जागा शोधतात तेव्हा गडद पृष्ठभाग जास्त पसंत करतात. पण विष जोरदार असेल तर छटेने पडणारा फरक किरकोळ असतो. उलट मुंबईच्या गढूळ, तेलकट पाण्यात पांढऱ्या पोटाला वॉटरलाइनवर, म्हणजे पाण्याची पातळी होडीला लागते त्या रेषेवर, काही आठवड्यांत तपकिरी मिशी फुटते. ती घासायला गेलास की मळाबरोबर रंगही जातो.

बार्नेकल म्हणजे दिसण्यापुरता त्रास, असं समजू नकोस. 2018च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, म्हणजे एकट्याने न थांबता शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत, ज्यात आपला अभिलाष टॉमीही होता, पहिला आलेला गडी साधारण 212 दिवसांत पोचला. तापिओ लेहतिनेनला 322 दिवस लागले, आणि उशिराचं मोठं कारण म्हणजे पोटाला लटकलेली बार्नेकलं.

आता रंगाचा खरा उपयोग. पहिला हात तांबडा मार आणि वरचे दोन निळे. दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच प्रकारचे. वर्षभरात निळ्यातून तांबडं डोकवायला लागलं की तिथला रंग संपत आलाय हे पाण्याबाहेर काढल्याबरोबर कळतं. सगळं निळंच मारलंस तर कुठे किती उरलंय ते ओळखता येत नाही, मग भीतीपोटी दरवर्षी थरावर थर चढतात आणि चार-पाच वर्षांत पापुद्रे सुटतात. दोन रंगांत फरक ठळक हवा. निळ्याखाली काळा मारून काही दिसणार नाही.

गडद निळाच घे. वॉटरलाइनजवळ जिथं ओलं-सुकं होत राहतं तिथं तांबं हिरवट पडतं. फिकट निळ्यावर ते डागासारखं दिसतं, गडद निळ्यात मुरून जातं.

प्रकार झिजणारा, म्हणजे अब्लेटिव्ह घे. कडक रंगाचं तांबं बाहेर हवेत राहिलं की निकामी होत जातं, आणि आपल्याकडे होडी पावसाळाभर जमिनीवर. जुना रंग कुठला आहे ते माहीत नसेल तर ओल्या फडक्याने जोरात घास. फडक्यावर रंग उतरला तर जुना झिजणारा आहे. उतरला नाही तर कडक असणार; त्यावर अब्लेटिव्ह चालतो, पण 80 नंबरने घासून. झिजणाऱ्यावर कडक मात्र कधी नाही.

घासायचं ते पाणी लावूनच. वॉटर पेपर बोहरी आळीतून मी घेऊन ठेवतो. सुक्या घासण्याने उडणारी धूळ विषारी असते. तरी मास्क लावच, खाली प्लास्टिक अंथर आणि गाळ गोळा कर.

हिशेब असा: वॉटरलाइनची लांबी 6.8 मीटर, रुंदी 2.7, ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) 1.4. रुंदी आणि ड्राफ्टची बेरीज 4.1, तिला लांबीने गुणून 0.75 ने गुणलं की सुमारे 21 चौरस मीटर. लिटरला नऊ चौरस मीटर धरले तर एका हाताला 2.3 लिटर. म्हणून तांबडा अडीच लिटर आणि निळा पाच. निळ्यातला उरलेला कीलच्या (तळाच्या उभ्या पात्याच्या) पुढच्या कडेला, रडरला (सुकाणूला) आणि वॉटरलाइनच्या पट्ट्याला तिसरा हात म्हणून वापर. पाणी सगळ्यात जास्त तिथंच घासतं.

सेलड्राइव्हचा पाय, म्हणजे इंजिनाचा पंखा धरणारा पाण्याखालचा भाग, अॅल्युमिनियमचा आहे, त्याला हा रंग अजिबात लावू नकोस. तांब्याशेजारी अॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात कुजतं. भोवती दोन-तीन सेंटिमीटर जागा सोड आणि पायासाठी तांबंविरहित रंगाचा छोटा डबा वेगळा घे. झिंकच्या अॅनोडला, म्हणजे बाकीचा धातू वाचवायला स्वतः झिजणाऱ्या तुकड्याला, कुठलाच रंग नाही. रंग लागलेलं झिंक कामच करत नाही.

डबा उघडशील तेव्हा वर पातळ तेलकट थर दिसेल आणि तांबं तळाला ओल्या वाळूसारखं बसलेलं असेल. वरचा अर्धा दुसऱ्या डब्यात ओत, चपट्या काठीने तळ खरवडून मोकळा कर, मग ओतलेलं थोडं थोडं परत मिसळ. पंधरा मिनिटं लागतात. दुकानात हलवून दिलंय म्हणून हे टाळलंस तर पहिल्या बाजूला नुसतं वार्निश जाईल आणि दुसऱ्या बाजूला सगळं तांबं. मग एकाच बाजूला बार्नेकलं का लागली म्हणून मला फोन करशील. मारतानाही दर दहा मिनिटांनी ढवळत राहा.

ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी रोलर ओढू नकोस, रंग ओढताओढताच सुकतो. सकाळी दव पूर्ण सुकलं की सुरू कर आणि दहा-साडेदहाला थांब. टेकूंखालच्या जागा यार्डवाल्यांकडून एकेक टेकू हलवून घेऊन रंगव. स्वतः टेकूला हात लावू नकोस. वॉटरलाइनचा टेप होडी सामानासह जिथं तरंगते तिथून पाच सेंटिमीटर वर लाव, आणि शेवटचा हात चिकट असतानाच काढ. सुकल्यावर काढलास तर कडेने रंगही उचकटून येईल.

खडकवासल्यातल्या तुझ्या डिंगीला, त्या छोट्या होडीला, यातलं काही नको. ती रोज बाहेर निघते आणि पाणी गोडं. स्पंजने पुसलीस तरी पुरे, तिथं हवा तर पांढरा दे.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अनंत